गोरजवेळेची प्रार्थना

देवा, दिवा लावला आहे. वात आज जरा जाडच वळली, तेल जास्त जाईल. पण वाघबारस आहे, आणि आमचं एक करडू अजून घरी आलेलं नाही. उजेड ओटीवरून अंगणापर्यंत पोचावा म्हणून दार सताड उघडं ठेवलं आहे. डास येतात, येऊ देत.

बाकीच्या शेळ्या मघाशीच आल्या. कोसबाडच्या टेकडीवरून त्या उतरतात तेव्हा आधी त्यांच्या खुरांची धूळ दिसते, मग शेळ्या. आमच्या भाषेनं या धुळीला गोरज म्हटलं, तिच्या वेळेचा मुहूर्त केला आणि त्यावर लेकींची लग्नं लावली. जनावराच्या पायाखालून उडालेल्या मातीला एवढा मान देणारी माणसं तुझीच. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते तुला परकं वाटणार नाही, असं धरून चालते.

धूळ खाली बसली, शेळ्या दावणीला बांधल्या, मोजल्या. एक कमी भरलं. तपकिरी करडू, मागच्या डाव्या पायानं जरा दबकत चालणारं. श्रावणात त्याला खुरकूत झाली होती. पोटॅशच्या पाण्यानं खूर धुऊन धुऊन बरं केलं. जखम भरली, दबकणं राहिलं. शेजारच्या आजी बॅटरी घेऊन ओहोळापर्यंत जाऊन आल्या. त्यांचा नातू आता वरच्या अंगाला गेला आहे, त्याच्या हाका मधूनमधून ऐकू येतात. माझे गुडघे धरलेले, मला टेकडी चढता येत नाही, म्हणून मी तुझ्यापुढे बसले आहे. खरं कारण हे. भक्ती त्याच्या मागून आली.

देव्हाऱ्यात तुझ्याजवळ दोन दगड आहेत. एक सासूबाईंनी दिलेला शाळिग्राम. दुसरा मी ठेवलेला, लिग्नाइटचा ढेकूळ. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा ट्रक चालवतो. सुरतेच्या पलीकडच्या खाणींवर तो माल भरायला जायचा. एकदा परत येताना त्यानं हा तपकिरी कोळसा आणून दिला. ‘बाई, तुम्ही दगड जमवता ना!’ म्हणाला. मी तो धुतला, तर पाणी काळं झालं. मग कोरडाच पुसून तुझ्या शेजारी ठेवला. सोवळ्यातल्या माणसांना हे आवडत नाही, पण घर माझं आहे.

शाळिग्रामाबद्दल मला एक गोष्ट उशिरा कळली. गंडकीच्या पात्रातल्या त्या काळ्या गोट्यात जे चक्र दिसतं, तो अमोनाइट नावाच्या सागरी जिवाचा जीवाश्म. ज्या समुद्रात तो जगला त्या समुद्राला टेथिस म्हणतात, आणि तो आता नाही. आमची भूमी दक्षिणेकडून सरकत सरकत आशियाला जाऊन भिडली, मधला समुद्र मिटला, त्याच्या तळाचा गाळ हिमालय होऊन वर चढला. हे मी सासूबाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘बरं मग? तुळस वाहायची ती वाहायचीच ना?’

वाहायचीच. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक हक्क तयार झाला. पृथ्वीवरून साफ पुसल्या गेलेल्या एका जिवाला आम्ही कित्येक पिढ्या तुझ्या जागी बसवून न्हाऊ घालतो, चंदन लावतो. मग आणखी काही पुसले गेलेले जीव मी तुझ्या कानावर घातले तर तू रागावू नयेस. मी शिक्षिका होते. हजेरी घेताना जे बाक रिकामे असत, त्यांचीच नावं मी जरा मोठ्यानं घ्यायची. सवय गेली नाही.

आणि आज वाघबारस आहे. माझ्या माहेरी, घाटावर, ही वसुबारस. आई गाय-वासराची पूजा करायची. इथे त्याच तिथीला वारली गुराखी वाघाला पुजतात. घरोघर तांदूळ मागतात, शेंदूर माखलेल्या वाघदेवापाशी शिजवतात आणि वर्षभर गुरांना हात लावू नकोस म्हणून त्याला विनवतात. आधी मला याची गंमत वाटायची. खुराची पूजा आणि खुरावर झडप घालणाऱ्याची पूजा, तीही एकाच सांजेला! आता वाटतं की दोन्ही मिळूनच ती तिथी पुरी होते.

चातुर्मासात आई देवापुढे गोपद्मं काढायची, रोज तेहेतीस. रांगोळीची दोन लांबट पाकळ्यांची पावलं, ओळीनं. मी विचारलं, गाईच्या पायाला दोनच बोटं का? आईला माहीत नव्हतं. मला ठाऊक झालं तेव्हा ती नव्हती. मग ते मी मुलांना शिकवायला लागले. पंजा जमिनीवर पुरता टेका, म्हणायचे. हे आपलं आणि अस्वलाचं चालणं. आता तळवा उचला, फक्त बोटं टेकवा, हे कुत्र्यामांजराचं. आता बोटंही उभी करा, नुसत्या नखांवर या. मुलं नखांवर यायची आणि धडपडायची. तशीच चालते शेळी, जन्मभर, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या नखांवर. खूर म्हणजे नख. घोडा तर एकाच बोटावर धावतो, मधल्या. ज्यांचा भार जोडबोटांवर पडतो ते समखुरी, ज्यांचा मधल्या बोटावर ते विषमखुरी, असं पुस्तक सांगतं. वर्गातला एक पोरगा म्हणाला होता, ‘म्हणजे बाई, गाय नाचणाऱ्या बाईसारखी टाचा उचलून चालते.’ त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

हे शिकवायला कोसबाडइतकी चांगली जागा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते या टेकडीवर आलं. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. त्यांनी पाहिलं की वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. आता यात मुलांना रागावायचं, की आईबापांना? त्यांनी दोघांनाही सोडलं आणि शाळाच गुरांमागे नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. जिकडे खुरं जातील तिकडे फळा जाईल. मी त्या पिढीतली नव्हे, मागाहून आलेली, साध्या सरकारी शाळेतली. पण देवा, तुझ्या नावानं जे काही उभं केलं गेलं त्यात मला या कुरणशाळेएवढं तुझ्या स्वभावाचं काही दिसत नाही.

तर आता नावं घेते.

ही टेकडी काळ्या कातळाची आहे. सह्याद्री जिचा झाला आहे तीच जात. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास जमीन भेगाळून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. दोन थरांच्या मध्ये कधी हजारो वर्षांची उसंत पडायची, तिथे तळी साचायची, झाडं यायची, आणि तेवढ्या उसंतीत छोटे छोटे जीव संसार मांडायचे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात किसलपुरी गावाजवळ अशाच दोन थरांमधल्या गाळात एक दाढ मिळाली. एकच, खालच्या जबड्याची, इवलीशी. गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी २००७ साली ती जगापुढे ठेवली आणि खूरवाल्यांच्या आद्य गोतावळ्यात बसवली. तिथल्या खरमेर नदीवरून त्या प्राण्याला खरमेरंग्युलेटम म्हणतात. एका दाढेवर एवढं नातं लावावं का, यावर जाणकारांत वाद आहे. मला त्या वादात पडायचं नाही. आगीच्या दोन लाटांमध्ये एक जनावर पाला चावत होतं, एवढं मला पुरतं. त्याचं बाकी अंग कुठे ठेवलंस, ते तुझं तुला माहीत.

मग मोठे सरडे गेले, लाव्हा थंडावला, आणि सुमारे पाच कोटी साठ लाख वर्षांपूर्वी ऊन वाढलं. असं वाढलं की भूगोलाच्या कोणत्याही तासाला मी सांगितलं तर मुलांनी खिडकीबाहेर बघितलं असतं. हवेत कार्बन ओतला गेला, काही हजार वर्षांत पृथ्वी पाच ते आठ अंशांनी तापली. आणि त्या तापाच्या आगेमागे युरोप, आशिया, उत्तर अमेरिका सगळीकडे जवळपास एकदमच नवीन प्राणी दिसू लागतात: घोडा-गेंड्यांचे पूर्वज, हरण-डुकरांचे पूर्वज, माकडांचे पूर्वज. ते आले कुठून? त्यांच्या आधीच्या पिढ्या त्या खंडांत मिळत नाहीत. १९९० मध्ये क्राउस आणि मास या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी म्हटलं, कदाचित भारतातून. तेव्हा भारत समुद्रात एकटा होता, वर्षाला पंधरा सेंटीमीटरहून जास्त वेगानं उत्तरेकडे निघालेला. आज आपली जमीन वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर सरकते, नख वाढतं जवळपास त्याच गतीनं. मनूच्या होडीची गोष्ट आपण ऐकली आहे. इथे आख्खी भूमीच तारू झाली होती आणि तिच्यावर कोण कोण बसलं होतं, याची यादी मात्र कोणाकडे नव्हती.

त्या यादीतली काही पानं माझ्या देव्हाऱ्यातल्या ढेकळाच्या गावाला मिळाली. सुरतेच्या ईशान्येला वस्तान नावाची लिग्नाइटची खाण. डहाणूहून गाडीत बसलं की सुरत दोन-अडीच तासांवर; म्हणजे तसं शेजारचंच म्हणायचं. अभ्यासकांची तुकडी आधी राजस्थानात हिंडली होती, हाती फारसं लागलं नव्हतं. गढवालच्या विद्यापीठातले राजेंद्र राणा खाणी धुंडाळत दक्षिणेकडे उतरले आणि त्यांना वस्तान गवसली. २००४ मध्ये तिथे सस्तन प्राण्यांची हाडं लागली. डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे किशोर कुमार, ज्येष्ठ अशोक साहनी, अमेरिकेचे केनेथ रोझ, बेल्जियमचे थिएरी स्मिथ अशी माणसं वर्षानुवर्षं येत राहिली. खाणीची यंत्रं कोळसा ओढताहेत आणि ही मंडळी गाळात बसून दात वेचताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यांना तिथे कॅम्बेथेरियम मिळाला. खंबायतचं जनावर, असा त्याचा अर्थ. सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे नाव ठेवलं. २०२० पर्यंत त्याचे साडेतीनशेवर अवशेष गोळा झाले होते. पाच कोटी पंचेचाळीस लाख वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या दलदलीत, दाट झाडीत, तो फिरत होता. मेंढीएवढा. बेतानं धावणारा. हाडांची घडण अशी की धड जुन्या प्राण्यांची नाही, धड घोड्या-गेंड्यांची नाही, मधली. म्हणून विषमखुऱ्यांचं मूळ इकडे, या तारवावर असावं, असं त्या अभ्यासकांनी मांडलं. त्याच खाणीत सशाएवढ्या समखुऱ्याचीही हाडं आहेत, वटवाघळांची आहेत, आद्य माकडांची आहेत. झाडांच्या राळेत अडकलेले किडे आहेत, पाय हलवता हलवता थांबल्यासारखे. आणि त्या सगळ्या गाळाच्या तळाशी कोणता खडक आहे? हाच. कोसबाडचा काळा कातळ.

पण ऐक. कॅम्बेथेरियम हा घोड्याचा आजा नव्हे. चुलत आजा. त्याच्या थेट वंशातलं आज कोणी नाही. तारू आशियाच्या धक्क्याला लागलं, भाऊबंद उतरून जगभर गेले, घोडे झाले, गेंडे झाले; याची शाखा थांबली. आमच्याकडे चुलत्याचं श्राद्ध घालायला कोणी नसेल तर पुतण्यानं घालायचं असतं. घोड्यानं घातलं नाही. म्हणून मी आज, पितृपक्ष उलटून गेल्यावर का होईना, त्याच्या नावानं पाणी सोडते.

आमच्या वारल्यांच्या लग्नाच्या चौकात पालघाट देवीशेजारी लहान देवचौक काढतात, त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. शेजारच्या आजींनी उभ्या जन्मात घोडा पाळला नाही, पण लग्नघरी भिंतीवर त्यांनी तांदळाच्या पिठानं किती घोडे लिहिले असतील! दोन त्रिकोण, चार रेघा, मान. त्या घोड्याच्या चुलत आज्याची हाडं दोन-अडीच तासांच्या वाटेवर मिळाली हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या हसण्याचा अर्थ मला लागला नाही. तुला लागला असेल.

आता दुसरं नाव, आणि इथे माझी खरी विनवणी आहे. सिफ्रहिप्पस. हा अमेरिकेतला, वायोमिंगच्या खोऱ्यातला, सर्वांत जुन्या घोड्यांपैकी एक. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना तीन. वजन साडेपाच किलोंच्या आसपास, म्हणजे आमच्या हरवलेल्या करडाहूनही कमी. ते जे ऊन वाढलं, त्यात हा प्राणी पिढ्यांमागून पिढ्या लहान होत गेला. सव्वा लाखाहून जास्त वर्षांत चार किलोंच्या आत आला, मांजराएवढा. ऊन उतरल्यावर पुन्हा वाढून सात किलोंपर्यंत गेला. दातांवरून माप काढलं, दातांतल्या प्राणवायूवरून तेव्हाचं तापमान काढलं, आणि २०१२ मध्ये हा हिशेब छापून आला. लहान अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते, हे एक कारण सांगतात. कार्बनानं माजलेल्या झाडपाल्यात कस उरत नाही, हे दुसरं.

देवा, आता पुन्हा ऊन वाढतं आहे. चिकूच्या वाडीवाल्यांना विचार, मोहोर कधी गळतो ते. ऊन वाढलं की अंग लहान करायचं, हा तुझा जुना नियम असेल तर असो. पण त्यात आमच्या मुलांना धरू नकोस. ती ऊन वाढण्याच्या आधीपासून लहान आहेत. मी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या, तलासरीकडच्या मुलांच्या दंडाला फीत लावली आहे. सिफ्रहिप्पस पुन्हा सात किलोंचा झाला, हे वाचून मला त्या काट्यावरची एक मुलगी आठवली आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. तिच्यासाठी किती हजार वर्षं थांबायचं ते आम्हाला सांगू नकोस. यंदाच्या भातात दाणा भर.

तिसरं नाव घेताना मला नेहमी हसू येतं आणि नंतर येत नाही. इंडोह्यूस. ‘भारतातलं डुक्कर’, असा शब्दाचा अर्थ. ए. रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकांनी जम्मूकडे, राजौरीतल्या कालाकोटला मिळालेल्या तुटक्या जबड्यांवरून १९७१ मध्ये ते नाव दिलं. त्यांनी आणलेले दगड घरी तसेच पडून राहिले. ते गेले. पुढे त्यांच्या पत्नीनं ते दगड हान्स थेविसन या संशोधकांच्या हवाली केले. दगड फोडताना त्यांच्या मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून तुटली, आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. ते हाड फक्त देवमाशांच्या कानात असतं तसं होतं. एका जाड ओठासारखी कड, दुसऱ्या कुठल्या प्राण्यात नसलेली. २००७ मध्ये हे सारं प्रसिद्ध झालं: हा मांजराहून थोडा मोठा, हरणासारखा, खुरांचा प्राणी, चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा, देवमाशांचा सर्वांत जवळचा भाऊबंद. पायांची हाडं जड आणि भरीव, पाण्यात बुडून तळानं चालता यावं म्हणून.

देवमासा! आमच्या भाषेनं त्याला तुझं नाव दिलं, तेव्हा तो मासा नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तो शेळीचा नातलग आहे हे तर कोणालाच ठाऊक नव्हतं. २००१ मध्ये पाकिस्तानात मिळालेल्या आद्य देवमाशांच्या घोट्याचं हाड दोन्ही टोकांना रहाटाच्या चाकासारखं खाचलेलं निघालं. बोकडाच्या पायाचं सूप ज्यानं केलं आहे त्यानं ते हाड चोखून बाजूला टाकलं आहे. हेच ते. २०१५ च्या जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला बेचाळीस फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला, तेव्हा लोकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं की नाही मला माहीत नाही, पण कोणी गोपद्म काढलं असतं तर ते चुकलं नसतं.

दशावतारात उत्क्रांती शोधणारी मंडळी आहेत. मासा, कासव, वराह, अशी चढती भाजणी दाखवतात. मला ते कधी पटलं नाही. पुराणाला प्रयोगवहीचं काम लावू नये. पण वराहापाशी मी अडखळते. वराह पाण्यात उतरला तो पृथ्वीला दातावर घेऊन वर आणण्यासाठी. इंडोह्यूस पाण्यात उतरला तो बहुधा भीतीनं. आफ्रिकेत त्याच्यासारखं दिसणारं एक पिसोरी हरीण आजही गरुडाची सावली पडली की ओढ्यात बुडी मारून बसतं; आपल्या सह्याद्रीतली पिसोरी त्याचीच बहीण, सशाहून थोडी मोठी, शिंगं नसलेली. भ्यायलेल्या एका जनावराला तू पाण्यात जागा दिलीस आणि त्याच्या गोतातून एवढा मोठा देवमासा निघाला. कोणाची भीती तू कुठे नेशील याचा नेम नाही. म्हणून मी करडासाठी शूरपणा मागत नाही. ते घाबरून कुठल्या कपारीत बसलं असेल तर बसू दे. घाबरलेलंच असू दे.

बाकीचं भराभर सांगते, कारण आजींचा नातू हाका मारायचा थांबला आहे आणि माझं लक्ष तिकडे आहे. पुढे हवा कोरडी झाली, रानं विरळ झाली, गवत पसरलं. गवत तसं फार जुनं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या शेणातही त्याचे कण मिळाले आहेत. पण त्याची कुरणं झाली ती खूप नंतर. मग दात उंच झाले, बोटं कमी झाली, रवंथ करणारे वाढले, विषमखुरी घटत गेले. आणि कितीतरी काळानं त्याच गवतापायी इथली माणसं विकली गेली. मुंबईला जाणारं गवत कापायला वारल्यांना वेठीनं धरत. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला ती जमली, गोदावरी आणि शामराव परुळेकर बरोबर होते, वेठ नाकारली. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप केला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले, आणि तलवाड्याला गोळीबार झाला. गवत जनावरांसाठी तू केलंस. त्याचा भाव माणसांच्या रक्तात ठरला, तो हिशेब मी तुझ्यावर टाकत नाही. पण तोही तुझ्या वहीत असावा.

आणि तारू अजून थांबलेलं नाही, हे आम्ही इथे अंगावर घेतो. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी, तलासरी, सारा पट्टा हादरत होता. भांडी वाजायची, भिंतींना चिरा. ऐन थंडीत बायामाणसं पोरं पोटाशी धरून उघड्यावर झोपली. कातळाच्या भेगांत पावसाचं पाणी मुरतं आणि त्यानं असं होतं, असं अभ्यासक सांगतात. त्या रात्रींत धक्क्याआधी शेळ्या उठून उभ्या राहत, असं आजी सांगतात. मी स्वतः पाहिलेलं नाही. डहाणू तालुका १९९१ पासून सरकारदप्तरी पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून नोंदला आहे. नाजूक! शब्द बरा आहे. लग्नातल्या नवरीला म्हणतात तसा, आणि मग तिच्या डोक्यावर हंडे देतात.

देवा, मी फार मागितलं नाही. कॅम्बेथेरियमचं नाव तुझ्या हजेरीत राहू दे. खरमेरच्या त्या एका दाढेचंही. जे पुढे कोणी झाले नाहीत, ज्यांच्यापासून काही निघालं नाही, त्यांना ‘गैरहजर’ लिहू नकोस. ते आले होते. शेळ्या मागं ठेवून यायला जमलं नाही अशा मुलांचीही माझ्या पटावर नावं होती. निरीक्षक ती खोडायला सांगत, मी पेन्सिलीनं लिहून ठेवत असे. इथेही तसंच कर, पेन्सिलीनं लिहिलंस तरी चालेल.

शेळी दाराकडे तोंड करून उभी आहे. रवंथ थांबवली आहे तिनं. वर, टेकडीच्या कडेला, बॅटरीचा उजेड पुन्हा दिसला. हलतो आहे, खाली येतो आहे की आडवा जातो आहे कळत नाही. ओहोळाजवळचे दगड शेवाळलेले आहेत, त्या पोराचा पाय घसरू देऊ नकोस. वाघदेवाला तांदूळ पोचले आहेत, त्याला आठवण दे. करडू तपकिरी आहे, कपाळावर पांढरा ठिपका, मागचा डावा पाय दबका. दिसलं तर घराकडे वळव.